लेअर शेडमधले जिवाणू आणि प्रतिजैविक प्रतिरोध: नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

पिंजऱ्यातल्या कोंबड्यांमध्ये साल्मोनेला (माणसात अन्नविषबाधा करणारा जिवाणू) जास्त, की मोकळ्या फिरणाऱ्यांमध्ये? या कामात नव्याने उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न घेऊन येतो आणि पहिला अहवाल हाती पडताच उत्तर देऊन मोकळा होतो. पण एका शेडमध्ये पट्ट्यावरची विष्ठा उचलली, दुसऱ्यात चार अंडी तपासली आणि तिसऱ्यात पाण्याच्या भांड्याला स्वॅब लावला, तर ती तुलना शेडची नसते, नमुन्यांची असते. कोंबड्या ठेवण्याची पद्धत बदलली की घाण साठण्याची जागा बदलते, म्हणून नमुना घेण्याची जागाही बदलावी लागते. हा लेख त्यासाठीच आहे: नवे लेअरपालक (अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे), पशुवैद्यकीय विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत पहिल्यांदाच शेडमधले नमुने हाताळणारे, या सगळ्यांसाठी.

१. काय शोधायचे ते आधी ठरवा

चार जिवाणू या कामात पुन्हापुन्हा भेटतात आणि चौघांचे काम वेगळे आहे.

साल्मोनेला हा मुख्य. त्याचे अडीच हजारांहून अधिक सीरोप्रकार (सीरमच्या चाचणीने ओळखू येणारे उपप्रकार) आहेत, पण अंड्यांच्या बाबतीत एंटेरिटिडिसवर विशेष नजर ठेवा. तो कोंबडीच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत मुक्काम करतो, त्यामुळे कवच बनण्याआधीच अंड्याच्या आत पोचू शकतो. अशी कोंबडी दिसायला ठणठणीत असते आणि अंडीही नेहमीसारखीच देते. बाकीचे बरेच प्रकार विष्ठेतून कवचावर येतात. गॅलिनेरम आणि पुल्लोरम कोंबड्यांना मारतात, पण माणसाच्या अन्नविषबाधेशी त्यांचा फारसा संबंध नाही. म्हणून नुसते ‘साल्मोनेला आढळला’ एवढे अहवालात असेल तर सीरोप्रकार विचारा. त्याशिवाय पुढचा निर्णय होत नाही.

कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, कारण पक्ष्याचे शरीर ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि त्याला तेच मानवते. कोरडेपणा आणि हवेतला ऑक्सिजन मात्र त्याला सोसत नाही. त्यामुळे कोरड्या कवचावर तो फार टिकत नाही. त्याचा धोका अंड्यापेक्षा मांसात आणि ताज्या विष्ठेत जास्त.

ई. कोलाय आणि एंटेरोकॉकस हे प्रतिरोध, म्हणजे जिवाणूने प्रतिजैविकाला दाद न देणे, मोजण्यासाठी लागतात. साल्मोनेला पंचवीस नमुन्यांत एखाद्याच वेळी सापडेल, पण ई. कोलाय प्रत्येक कोंबडीत असतोच. दोन पद्धतींमधल्या प्रतिरोधाची तुलना करायची असेल तर ती ई. कोलायवर करा. साल्मोनेलाचे चारच जिवाणू हाती लागले आणि त्यातले दोन टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत, म्हणून ‘५० टक्के प्रतिरोध’ असे लिहू नका. चार म्हणजे चार, त्याची टक्केवारी होत नाही.

२. शेडची चाल ओळखा

साध्या पिंजऱ्यात कोंबडी विष्ठेपासून दूर असते आणि अंडे उतारावरून घरंगळून बाहेर येते. त्यामुळे कवचे स्वच्छ दिसतात. पण पिंजऱ्यांच्या रांगा, कोपरे, अंड्यांचे पट्टे, पंख्यांची पाती हे सगळे नीट धुणे महाकठीण. उंदीर आणि लाल माइट (कोंबड्यांचे रक्त पिणारे बारीक जीव) याच फटींत पिढ्यान्पिढ्या राहतात. सुधारित पिंजऱ्यात बसायचा दांडा, घरटे आणि उकरायची चटई असते. यातली चटई सगळ्यात आधी घाण होते.

गादी पद्धतीत (जमिनीवर तूस-भुसा पसरून त्यावर कोंबड्या ठेवतात ती) कोंबडी आणि विष्ठा एकत्र नांदतात. इथे सगळे गादीच्या ओलाव्यावर अवलंबून असते. मूठभर गादी उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. किंचित बांधून लगेच फुटला तर ठीक. अजिबात बांधला नाही तर ती धूळ झाली आहे, आणि साल्मोनेला धुळीत महिनोन्महिने जिवंत राहतो. ही चाचणी पाण्याच्या रांगेखाली, भिंतीलगत आणि मधोमध अशी तीन ठिकाणी करा. तीनही ठिकाणी उत्तर सहसा वेगळे मिळते.

बहुमजली मोकळ्या शेडमध्ये वरच्या मजल्यावरची विष्ठा खालच्या कोंबड्यांवर पडते आणि धूळ सगळ्यात जास्त उडते. मुक्तसंचारात माती, डबकी, रानपक्षी, माश्या यांची भर पडते, आणि मैदान धुता येत नाही.

मग कोणती पद्धत चांगली? युरोपीय महासंघात २००४-०५ मध्ये मोठ्या लेअर फार्मचे सर्वेक्षण झाले, तेव्हा सुमारे ३१ टक्के फार्मवर साल्मोनेला आढळला आणि पिंजऱ्यांच्या शेडमध्ये प्रमाण जास्त होते. पण पिंजऱ्यांच्या शेडमध्ये कळप मोठे असतात, इमारती जुन्या असतात, विष्ठा फार दिवस साठते. दोष पिंजऱ्याचा की या बाकीच्या गोष्टींचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. दुसरीकडे, कवचावरच्या एकूण जिवाणूंची संख्या पिंजऱ्याबाहेरच्या अंड्यांवर साधारण दहापट किंवा त्याहून जास्त भरते आणि जमिनीवर घातलेली अंडी त्यात सर्वांत वाईट. मुक्तसंचारात कॅम्पिलोबॅक्टरचा संपर्क वाढतो. म्हणजे जिवाणूनुसार उत्तर बदलते. ‘अमुक पद्धत सुरक्षित’ असे सरसकट विधान कुठे दिसले तर कोणता जिवाणू, कोणत्या नमुन्यात, हे आधी विचारा.

३. कागद हाती घ्या, मगच बूट घाला

नमुना घेण्याआधी ही माहिती लिहून घ्या: कोंबड्यांचे वय आठवड्यांत, जात, पिल्ले कुठल्या उबवण केंद्रातून आली, तलंगा (अंडी सुरू होण्याआधीच्या तरुण कोंबड्या) कोणत्या पद्धतीत वाढवल्या, लशी तारखेसह, शेवटची धुलाई, वापरलेले जंतुनाशक, खाद्यातली औषधे आणि पहिल्या दिवसापासून आजवर दिलेली सगळी प्रतिजैविके.

शेवटच्या मुद्द्यावर अडून बसा. लेअर फार्मवर ‘आम्ही काही देत नाही’ हे उत्तर खरे असते, पण ते अंडी सुरू झाल्यापासूनचे असते. तलंगा दुसरीकडे वाढल्या असतील तर तिथे पहिल्या आठवड्यात पाण्यातून काय दिले याची नोंद इथे नसते. प्रतिजैविक न वापरताही शेडमध्ये प्रतिरोधी ई. कोलाय सापडतो, तो याच वाटेने: उबवण केंद्र, तलंगा-शेड, उंदीर, पाणी, आधीच्या कळपाची उरलेली धूळ. शिवाय एका औषधाच्या प्रतिरोधाचे जनुक अनेकदा दुसऱ्याच्या जनुकासोबत एकाच प्लाझमिडवर (जिवाणूंमध्ये एकमेकांकडे जाणारा डीएनएचा छोटा तुकडा) असते. टेट्रासायक्लिन वापरले की सोबत सल्फाचा प्रतिरोधही टिकून राहतो, सल्फा कधी दिले नसले तरी.

४. साहित्य

शेडसाठी: निर्जंतुक बूट-स्वॅब म्हणजे बुटावर चढवायचे शोषक कापडी मोजे, त्याखाली घालायची प्लॅस्टिकची आवरणे, निर्जंतुक पिशव्या, स्वॅब, निर्जंतुक पेप्टोनयुक्त सलाइन (०.८५ टक्के मीठ, ०.१ टक्के पेप्टोन), हातमोज्यांची भरपूर जोडी, ७० टक्के अल्कोहोल, न पुसणारे पेन, थर्मामीटर आणि बर्फाच्या थैल्या घातलेली पेटी. कॅम्पिलोबॅक्टरसाठी वाहतूक माध्यम: कॅरी-ब्लेअर किंवा कोळसायुक्त एमीस.

मोजे भिजवायला नळाचे पाणी घेऊ नका. त्यातला क्लोरीन तुमचाच नमुना निर्जंतुक करतो. जंतुनाशकाच्या पायधुणीतून ओले बूट घेऊन आत गेलात तरी तेच होते. पायधुणी पार झाली की कोरडे आवरण चढवा, त्यावर मोजे.

५. नमुना घेणे

किती? कळपातल्या किमान ५ टक्के कोंबड्या बाधित असतील तर त्यातली एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडायला सुमारे ६० नमुने लागतात. बाधा १ टक्का असेल तर ३००. याला सोपा हिशोब आहे: ३ भागिले अपेक्षित प्रमाण. म्हणून १० कोंबड्यांचे क्लोएकल (गुदद्वारातले) स्वॅब घेऊन ‘कळप स्वच्छ’ म्हणण्यात अर्थ नाही. साल्मोनेला विष्ठेतून रोज बाहेर पडतही नाही, अधूनमधून पडतो. त्यामुळे एकेका कोंबडीपेक्षा शेडच्या वातावरणाचा नमुना जास्त कामाचा ठरतो.

पिंजऱ्यांमध्ये: विष्ठेचे पट्टे थोडे चालवा आणि शेवटी जमा होणारी विष्ठा प्रत्येक पट्ट्यावरून उचला. युरोपीय महासंघाच्या नियमांत पिंजऱ्यांसाठी प्रत्येकी १५० ग्रॅमचे दोन मिश्र नमुने लागतात. पट्टा नसेल तर रांगांखालच्या खड्ड्यातून निदान ६० वेगवेगळ्या जागांवरची ताजी विष्ठा गोळा करा. सोबत धुळीचा एक नमुना घ्याच. पंख्याच्या जाळीवरची आणि पट्ट्याच्या कडेची धूळ विष्ठेत न सापडलेला साल्मोनेला दाखवून देते.

गादी आणि बहुमजली शेडमध्ये: बूट-स्वॅबच्या दोन जोड्या. मोजे सलाइनने ओले करा, निथळू द्या आणि शेडच्या सगळ्या भागांतून चाला. एका जोडीवर किमान १०० पावले. कोरड्या वाटेवरूनच सरळ चालत गेलात तर मोजे नुसते धुळकट होतात. घरट्यांसमोर, दांड्यांखाली, पाण्याच्या रांगेजवळ पाय किंचित घासत चाला. बाहेर आल्यावर मोजा उलटा करत काढा, म्हणजे घाण आतल्या बाजूला राहील, आणि थेट पिशवीत टाका. मोजा तपकिरी, जड आणि ओलसर हवा. पांढराच दिसत असेल तर पुन्हा चाला.

मुक्तसंचारात: आतल्या शेडचे बूट-स्वॅब वेगळे, मैदानाचे वेगळे. दाराजवळचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा सगळ्यात घाण असतो, कारण बहुतेक कोंबड्या तिथेच रेंगाळतात. डबके असेल तर त्याचे पाणी.

कॅम्पिलोबॅक्टरसाठी: विष्ठा पडल्या पडल्या, ओली असतानाच उचला. वाळलेली विष्ठा दिली तर निकाल नकारार्थी येणारच.

अंडी: इथे सगळ्यात जास्त फसगत होते. बाधित कळपातही अंड्याच्या आत एंटेरिटिडिस असण्याचे प्रमाण अगदी नगण्य असते आणि ताज्या अंड्यात त्याची संख्याही मोजकीच. डझनभर अंडी तपासून काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात बाधित शेडसाठी १,००० अंडी, वीस-वीसच्या मिश्रणात, दोन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा तपासायला सांगितले आहे, ते याच कारणाने. कवच आणि आतला बलक-पांढरा वेगवेगळे तपासा. कवच आधी निर्जंतुक न करता अंडे फोडलेत, तर आत काय होते हे कधीच कळणार नाही.

कधी? तलंगा नव्या शेडमध्ये आल्यावर, अंडी सुरू होताना आणि पिसे झडताना कोंबडीवर ताण असतो, तेव्हा जिवाणू जास्त बाहेर पडतात. पहिली तपासणी २२ ते २६ आठवडे वयाला आणि पुढे दर १५ आठवड्यांनी, ही युरोपीय वेळ सरावासाठी चांगली आहे. धुलाईनंतर लगेच किंवा प्रतिजैविक चालू असताना कळपाचा नमुना घेऊ नका.

लहान वयाच्या शेडमधून सुरुवात करून मोठ्या वयाकडे जा, आजारी शेड शेवटी. नमुने २ ते ८ अंशांवर ठेवा, २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा आणि गोठवू नका. गोठवल्याने कॅम्पिलोबॅक्टर फार मोठ्या संख्येने मरतो.

६. प्रयोगशाळेत काय होते

साल्मोनेलासाठी आयएसओ ६५७९ ही आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत चालते. नमुना आधी बफर्ड पेप्टोन पाण्यात ३७ अंशांवर साधारण १८ तास ठेवतात, म्हणजे अर्धमेले जिवाणू सावरतात. मग एमएसआरव्ही या अर्धघन माध्यमावर ४१.५ अंशांवर ठेवतात. साल्मोनेला त्यात पोहत बाहेर पसरतो आणि थेंबाभोवती करडे-पांढुरके वलय दिसते. तिथून एक्सएलडी अगारवर (जिवाणू वाढवायचे घट्ट माध्यम). लालसर, मधोमध काळा ठिपका असलेल्या वसाहती (एका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) दिसल्या की संशय, आणि पुढे जैवरासायनिक व सीरमच्या चाचण्या. यात चार-पाच दिवस जातात. दुसऱ्या दिवशी ‘नकारार्थी’ म्हणून कोणी कळवले तर विश्वास ठेवू नका.

कॅम्पिलोबॅक्टरसाठी कमी ऑक्सिजनचे वातावरण लागते: ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन.

७. प्रतिरोधाची चाचणी

प्रत्येक नमुन्यातून एकच वसाहत घ्या आणि ती पारखून न घेता, डोळे मिटून उचलल्यासारखी उचला. एकाच थाळीवरच्या पाच वसाहती घेतल्या तर बहुधा एकच जिवाणू पाचदा मोजला जातो.

चकती पद्धतीत जिवाणू पसरलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवती जिवाणू न वाढलेले वलय मोजतात. यात चुका ठरलेल्या आहेत. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचे माप) इतके गढूळ हवे. म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिलिमीटर हवी. जाड ओतला तर औषध खाली मुरते, वलय लहान होते आणि संवेदनशील जिवाणू प्रतिरोधी ठरतो. पातळ ओतला तर उलटे. द्रावण पसरल्यावर १५ मिनिटांच्या आत चकत्या ठेवा, ३५ अंशांवर १६ ते १८ तास. प्रत्येक खेपेला ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा नियंत्रण-जिवाणू सोबत लावा. त्याची वलये ठरलेल्या मर्यादेत नसतील तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

कोलिस्टिन हे प्रतिजैविक चकतीने तपासू नका. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही आणि निकाल फसवा येतो. द्रव माध्यमातली सूक्ष्म-विरलन पद्धतच (औषध पायरीपायरीने पातळ करत किती प्रमाणाला जिवाणू थांबतो हे पाहणे) वापरा. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची नोंद झाली, तेव्हापासून कोलिस्टिनचा प्रतिरोध प्लाझमिडवरून एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतो हे माहीत आहे. म्हणून ही चाचणी चुकवून चालत नाही.

औषधांच्या यादीत अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॅलिडिक्सिक आम्ल, सेफोटॅक्सिम आणि कोलिस्टिन तरी असावीत. फ्लुओरोक्विनोलोन (उदा. सिप्रोफ्लॉक्सासिन), तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन (उदा. सेफोटॅक्सिम) आणि कोलिस्टिन हे गट जागतिक आरोग्य संघटनेने माणसांच्या उपचारासाठी सर्वाधिक महत्त्वाचे मानले आहेत.

अहवाल वाचताना तीन सापळे लक्षात ठेवा.

पहिला: सेफोटॅक्सिम घातलेल्या मॅकॉन्की अगारवर, म्हणजे फक्त प्रतिरोधी जिवाणू वाढू देणाऱ्या निवडक थाळीवर, जिवाणू उगवला, तर तो ‘आहे’ एवढेच कळते. किती टक्के आहे, हे त्यावरून कळत नाही. निवडक थाळीचा आकडा आणि साध्या थाळीचा आकडा एका तक्त्यात मिसळू नका.

दुसरा: काही प्रतिरोध जन्मजात असतात. एंटेरोकॉकस सेफॅलोस्पोरिनला मुळातच दाद देत नाही; तो शेडचा दोष नाही. तीन किंवा अधिक गटांच्या औषधांना मिळवलेला प्रतिरोध असेल, तरच ‘बहुऔषध-प्रतिरोधी’ म्हणा.

तिसरा: जिवंत लस दिलेल्या कळपात लशीचाच साल्मोनेला सापडू शकतो. काही लशींच्या जिवाणूंना ओळखखूण म्हणून स्ट्रेप्टोमायसिन आणि रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध मुद्दाम दिलेला असतो. लशीचे नाव प्रयोगशाळेला आधीच कळवले नाही, तर निष्कारण धावपळ होते.

८. निकाल होकारार्थी आला तर

प्रतिजैविक सुरू करू नका. ही सूचना डोळ्यांसमोर ठेवा. औषधाने साल्मोनेला जात नाही, काही दिवस दबतो. पुढचा नमुना नकारार्थी येतो, सगळे निश्चिंत होतात आणि औषध थांबले की तो पुन्हा बाहेर पडू लागतो, कधी त्याच औषधाला दाद न देणारा होऊन. शिवाय बलक अंडाशयात साधारण दहा दिवस वेगाने वाढत असतो, त्यामुळे आज दिलेल्या औषधाचा अंश पुढचे कित्येक दिवस अंड्यांत उतरत राहतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांत अनेक प्रतिजैविकांना परवानगीच नसते, ती यामुळे. इतर आजारासाठी औषध द्यावेच लागले तर पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्याने, चाचणी करून, आणि अंड्यांची विक्री थांबवण्याचा काळ पाळूनच. कॅम्पिलोबॅक्टरमधला फ्लुओरोक्विनोलोनचा प्रतिरोध तर औषध बंद केल्यावरही टिकून राहतो.

करायचे ते असे: पशुवैद्यकाला आणि नियमाप्रमाणे संबंधित खात्याला कळवा. एंटेरिटिडिस किंवा टायफिम्युरियम (आणखी एक सीरोप्रकार) असेल तर अंडी कवचासह विकण्याऐवजी पाश्चरीकरणाकडे वळवा. उंदरांचा बंदोबस्त त्याच दिवशी सुरू करा. बाधित उंदराच्या एका लेंडीत साल्मोनेलाची संख्या लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि ती लेंडी खाद्याच्या भांड्यात पडते.

कळप गेल्यावर धुलाईचा क्रम चुकवू नका: आधी सगळी विष्ठा, गादी आणि धूळ कोरडीच काढा, मग साबणाचे पाणी, मग स्वच्छ पाणी, पूर्ण वाळू द्या, मगच जंतुनाशक, लेबलवरच्या प्रमाणात आणि सांगितलेल्या वेळेपर्यंत ओले राहील असे, पुन्हा वाळवा. विष्ठेवरच जंतुनाशक फवारले तर क्लोरीन आणि क्वाटर्नरी अमोनियम दोन्ही निकामी होतात. ओल्या जमिनीवर मारले तर प्रमाण पातळ होते. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. पिंजऱ्यांच्या शेडमध्ये अंड्यांचे पट्टे आणि पाण्याच्या नळ्यांमधला बुळबुळीत थर हमखास राहून जातो. धुलाईनंतर कोपरे, फटी आणि पंखे यांचे स्वॅब घ्या. साल्मोनेला मिळाला तर नवा कळप आणू नका, पुन्हा धुवा.

नव्या तलंगांना लस द्या. पाण्यातून जिवंत लस देताना पाण्यात क्लोरीन नको. खात्रीसाठी आधी लिटरमागे २ ते २.५ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूधपावडर मिसळतात. लशीच्या मागेपुढे काही दिवस प्रतिजैविक दिले तर लस वाया जाते, कारण ती स्वतःच जिवंत जिवाणू असते.

९. अंडी बाहेर जाईपर्यंत

नुकतेच घातलेले अंडे उबदार आणि कवचावरचा पातळ थर ओलसर असतो. अंडे थंड होऊ लागले की आतले द्रव्य आकसते आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून बाहेरचे काहीही आत ओढले जाते. म्हणून पहिली काही मिनिटे अंडे कशावर पडते, याला एवढे महत्त्व. घरट्यातले अस्तर कोरडे ठेवा, अंडी दिवसातून अनेकदा गोळा करा, जमिनीवरची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि ती घरट्यातल्या अंड्यांत मिसळू नका. रात्री कोंबड्या घरट्यात झोपू लागल्या तर घरटी बंद करा, नाहीतर सकाळचे पहिले अंडे विष्ठेवर पडते.

धुवायचे असेल तर पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंशांनी गरम आणि निदान ३२ अंशांचे हवे. गार पाण्यात बुडवलेले अंडे घाण आत ओढते. युरोपात वरच्या दर्जाची अंडी धूतच नाहीत, अमेरिकेत धुऊन थंड ठेवतात; दोन्ही चालते, पण धुऊन उघड्यावर ठेवणे चालत नाही. ७ अंशांखाली साल्मोनेलाची वाढ जवळजवळ थांबते. एकदा थंड केलेले अंडे पुन्हा उष्ण खोलीत आणले तर त्यावर घाम सुटतो आणि ओल्या कवचावरून जिवाणू आत शिरतात. त्यामुळे थंड ठेवण्याची साखळी सुरू केली तर तोडू नका.